१०३६ या आकड्यावर अजून किती वर्षं खूश राहायचं?

आमच्या सिंधुदुर्गाचं कौतुक करायचं म्हटलं की एक आकडा हमखास पुढे येतो. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या, राज्यात ९२९. भाषणात टाळ्या पडतात. पण मंडळी, हा आकडा बाईला मिळणाऱ्या मानाचा नाही, तो मुंबईच्या गाडीत बसलेल्या चाकरमान्यांचा आहे. कमावते पुरुष बाहेर, म्हणून गावात बायका जास्त. खरं काय ते शून्य ते सहा वयोगटात बघा. तिथे हजार मुलग्यांमागे मुली ९२२. २००१ साली ९४४ होत्या. मधल्या दहा वर्षांत कमी झालेल्या बावीस काय मुंबईक कामाक गेल्या?

"राज्यात ८९४ आहे, आपण बरे," असं म्हणणारे कमेंटमध्ये येतीलच. या, स्वागत आहे.

शिक्षणात मुली पुढे आहेत, मान्य. २०२५ च्या दहावीत राज्यात मुली ९६.१४ टक्के, मुलगे ९२.३१ टक्के पास झाले आणि कोकण विभाग नेहमीप्रमाणे पहिला. व्यावसायिक शिक्षणाची मुलींची फीसुद्धा २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या घरांना माफ. तरी मसुऱ्यासारख्या गावात बारावीनंतरचा निर्णय फीवर कमी आणि संध्याकाळच्या शेवटच्या एसटीवर जास्त ठरतो. मुलगा गाडी घेऊन जातो. मुलीला विचारतात, "इतक्या लांब कित्या?"

आणि जुन्या पिढीचं काय? २०११ ला जिल्ह्यात पुरुष साक्षरता ९१ टक्क्यांच्या वर, स्त्रियांची ८० च्याही आत. ही दरी म्हणजे आमच्या आया आणि आज्या. शाळेऐवजी भावंडं सांभाळली, लावणी केली, आणि आज बांबोळीच्या फाईलमध्ये काय लिहिलंय ते कळायला नातू शोधावा लागतो. शाळा चुकली ती साठ वर्षांनी दवाखान्यात अशी भेटते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला, पुरुषांत २५ टक्के. मासळी सगळ्यांनी खाल्ली, तिच्या वाट्याला कालवणाचा रस. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी ३० ते ४९ वयातल्या जेमतेम दोन टक्के स्त्रियांनी कधीतरी केलेली. मूल थांबवायचं ऑपरेशन मात्र बाईचंच! स्त्री नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष नसबंदी ०.३. पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी, पोट उघडावं लागत नाही, तरी "ह्यांका जड काम असता." तिला काय हलकं असतं? शेत, गुरं, विहीर, काजूच्या बिया, चूल. सगळं तीच बघते.

विचारलं तर उत्तर ठरलेलं: "माका काय जाला नाय, वायच आडवी पडलंय की बरा वाटतला." आंगणेवाडीच्या जत्रेत प्रसाद रांधताना बायका मौन पाळतात, ती देवीची सेवा. अंगावरून जाणाऱ्या रक्ताबद्दल गप्प बसणं ही कोणत्या देवीची सेवा, ते मला कोणीतरी सांगा.

सरकारवर बोलायला मला आवडतं, तो माझा धंदाच आहे. पण या वेळी गावापुरतं विचारतो. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, आणि ती नुसत्या सह्या गोळा करून होत नाही. आपापल्या गावात गेल्या वर्षी त्या दहा टक्क्यांचं काय झालं, विचारा. शिलाई मशीन आणि सतरंज्या पुरे झाल्या. त्यातून वर्षातून एक दिवस बायकांच्या तपासणीचं शिबिर लावता येतं, हिमोग्लोबिन मोजता येतं, गाडी करून मालवणला नेता येतं. सरपंचांनी काय उत्तर दिलं ते गावाचं नाव घालून खाली लिहा. मसुऱ्याचं मी विचारतोय, कागद हातात आला की इथेच टाकतो.