जन्मवजनाची नोंद आयुष्यभर हवी

आमच्या केम गावात शुगर असलेला माणूस लठ्ठच असतो असं नाही. शेतात राबणारी, अंगानं सडसडीत, चाळिशीतली माणसं तपासणीला येतात आणि साखर दोनशेच्या वर निघते. "ताई, मी तर चहासुद्धा बिनसाखरेचा पितो," म्हणतात. अंगणवाडी सेविका म्हणून मी निवृत्त होईपर्यंत याच भागात लेकरांची वजनं घेतली. या आजाराची सुरुवात आईच्या पोटात आणि पहिल्या दोन वर्षांतही असते, हे गावानं समजून घ्यावं असं मला कळकळीनं वाटतं.

माझा धाकटा भाऊ 1973 सालचा. बहात्तरच्या दुष्काळात आई दिवस गेलेले असताना खडी फोडायला जायची. घरात मिलोची भाकरी आणि कामावर मिळेल ती सुकडी. भाऊ जन्मला तेव्हा अगदीच किरकोळ होता, पण वजन कुणी केलंच नाही. त्याला कसलं व्यसन नाही, पोट सुटलेलं नाही, तरी चाळिशीच्या आतच शुगर आणि बीपी दोन्ही मागे लागलं. एका घरावरून शास्त्र सिद्ध होत नाही. पण ज्यांनी हजारो माणसांच्या नोंदी तपासल्या, त्यांचं म्हणणंही हेच आहे.

इंग्लंडमधल्या हर्टफोर्डशायर परगण्यात 1911 पासून आरोग्यसेविका घरोघर जाऊन बाळाचं जन्माचं आणि वर्षाचं वजन वहीत लिहीत. त्या वह्या जपल्या गेल्या, म्हणून डेव्हिड बार्कर या डॉक्टरांना ती बाळं पुढे कशानं आजारी पडली, कशानं गेली, हे शोधता आलं. 1989 साली त्यांनी मांडलं की जन्मतः आणि वर्षाचे असताना ज्यांचं वजन कमी होतं, त्या पुरुषांत हृदयविकारानं मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. पुढे मधुमेहाच्या बाबतीतही तसंच आढळलं. पोटात अन्न कमी पडलं की बाळाचं शरीर आधी मेंदू वाचवतं. स्नायू, स्वादुपिंड आणि मूत्रपिंड यांच्या वाट्याला कमी येतं, आणि ती उणीव मोठेपणी जाणवते.

पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं अभ्यासली. तिथल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपल्या बाळांचे स्नायू फारच कमी होते, पण कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून होती. साखर वापरणारे स्नायूच कमी, म्हणून हडकुळ्या माणसालाही शुगर होते.

याच अभ्यासात ज्या गरोदर बायका पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात, त्यांची बाळं भरलेली निघाली. ज्यांच्यावर पाणी भरण्याचा आणि रानातल्या कामाचा भार जास्त, त्यांची लहान. हे वाचून मला आमच्या बायाच दिसल्या. केमचं कुंकू दूरदूरच्या देवघरांत जातं. त्या कुंकवाच्या कारखान्यांत आणि रानात आमच्या लेकीसुना आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत राबतात, घरात सगळ्यांत शेवटी जेवतात. वर सासू सांगते, फार खाऊ नको, बाळ मोठं झालं तर अडेल. ही समजूत मोडायला हवी.

उलटी चूकही टाळायला हवी. किरकोळ पोर पाच-सहा वर्षांचं झालं की त्याला कुरकुरे आणि बिस्किटांवर गुबगुबीत करायचं, यातही धोका आहे. दिल्लीत लहानपणापासून मोजत आणलेल्या मुलांचा अभ्यास 2004 मध्ये छापून आला. दोन वर्षांपर्यंत बारीक असलेल्या आणि पुढे वजन वेगानं वाढलेल्या मुलांत तिशीच्या आसपासच मधुमेह किंवा त्याच्या आधीची अवस्था जास्त प्रमाणात आढळली.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली पस्तीस मुलं वयाच्या मानानं बुटकी आढळली. ही मुलं आपल्या अंगणवाड्यांच्या वह्यांत आहेत. पण मूल सहा वर्षांचं होऊन शाळेत गेलं की ती वही तिथंच थांबते. मी स्वतः भरलेल्या जुन्या वह्या आज कुठं आहेत, मला कुणी सांगू शकलेलं नाही. जन्मवजन शाळेच्या दाखल्याबरोबर पुढे जावं आणि आभा आरोग्य कार्डावर चढावं. अडीच किलोखाली जन्मलेल्याची साखर आणि बीपी पंचविशीपासूनच आरोग्य केंद्रानं दरवर्षी तपासावं. यासाठी लागणारा वजनकाटा, कागद आणि माणसं आजही गावात आहेत.

अशा नोंदीतली मुलगी उद्या आई होणार, म्हणून तिच्याकडे बारा-तेराव्या वर्षापासून लक्ष हवं. ग्रामपंचायतीला उत्पन्नाचे दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात. त्यातून किशोरवयीन मुलींना अंडं किंवा दूध द्यावं, त्यांचं हिमोग्लोबिन तपासावं आणि किती मुलींना काय मिळालं याचा हिशोब दर ग्रामसभेत वाचून दाखवावा. माझी मागणी एवढीच आहे, आणि ती मी आमच्या गावापासूनच करते आहे.