विश्लेषण : मित्रसैन्यांत माहिती नेमकी कुठे अडते?

एप्रिल २००२. अफगाणिस्तानात कंदहारजवळ टार्नाक फार्म येथे कॅनडाचे सैनिक रात्री गोळीबाराचा सराव करत होते. वरून जाणाऱ्या अमेरिकी एफ-१६च्या वैमानिकाला हा मारा आपल्यावरच होत असल्याचे वाटले आणि त्याने बॉम्ब टाकला. कॅनडाचे ४ सैनिक ठार झाले, ८ जखमी. ठपका वैमानिकांवर आला. पण खाली मित्रदेशाचा सराव सुरू असल्याची माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती, हेही समोर आले. विशेष म्हणजे हे दोन्ही देश ‘फाइव्ह आइज’ या गुप्तवार्ता गटाचे जुने सदस्य. राजधान्यांमध्ये वाटली जाणारी माहिती कॉकपिटपर्यंत जातेच असे नाही.

माहिती का अडते?

उपग्रह किंवा रेडिओ नाहीत, असे क्वचितच असते. प्रत्येक देशाचे गोपनीय संगणकजाळे वेगळे, संदेश कूटबद्ध करणारी उपकरणे वेगळी आणि कोणता कागद कोणाला दाखवायचा याचे नियमही वेगळे. ‘नाटो’च्या नेतृत्वाखालील ‘आयसॅफ’ फौजांत पुढे जवळपास ५० देश होते. एकाच अधिकाऱ्याच्या टेबलावर दोन-तीन संगणक. एका पडद्यावर वाचायचे आणि दुसऱ्यावर हाताने टाइप करायचे! रस्त्यात पेरलेल्या बॉम्बची खबर अशा वाटेने गस्ती पथकाकडे जाणार असेल, तर उशिराची किंमत कोण मोजतो हे सांगायला नको.

यावर उपाय म्हणून २०१० मध्ये ‘अफगाण मिशन नेटवर्क’ उभे राहिले. देशांनी आपापली जाळी ठेवली, पण ती एका सामाईक गाभ्याला जोडली. युद्ध सुरू होऊन तोवर जवळपास ९ वर्षे झाली होती. तारा जोडण्यापेक्षा ‘हे सर्वांना दाखवायचे’ हा निर्णय घेणे अवघड होते.

नळ कोणाच्या हाती?

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने युक्रेनला गुप्तवार्ता देणे काही दिवस थांबवले आणि जेद्दा येथील चर्चेनंतर पुन्हा सुरू केले. रणगाडा एकदा दिला की तो परत मागणे कठीण. माहितीचा पुरवठा मात्र एका आदेशाने बंद होतो.

भारताचे काय?

भारत कोणत्याही लष्करी आघाडीत नाही. तरीही हा प्रश्न टळत नाही. अमेरिकेकडून सी-१३०जे आणि पी-८आय विमाने घेतली, तेव्हा संपर्क-सुरक्षेचा करार झालेला नसल्याने त्यांत अमेरिकी लष्कराच्या खास कूटबद्ध यंत्रणेऐवजी बाजारात मिळणारी उपकरणे बसवावी लागली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिल्लीत ‘कॉमकासा’ करार झाला आणि ती अडचण सुटली. गोव्यातील ‘आयएनएस हंसा’ तळावरूनही उडणाऱ्या पी-८आय विमानांसाठी हे महत्त्वाचे. कारण हिंदी महासागरात पाणबुडीचा माग काढताना मित्रदेशाच्या विमानाने टिपलेली नोंद तासाभराने मिळाली, तर तोवर पाणबुडी निघून गेलेली असते.

आक्षेप होता तो वेगळाच. उपकरण त्यांचे, किल्ल्या त्यांच्या, तपासणीचा हक्कही त्यांचा. मग आपल्या जहाजांचा ठावठिकाणा आपल्यापुरता राहील का? भारतासाठी खास तरतुदी केल्याचे सरकार सांगते, पण कराराचा मसुदा जाहीर झालेला नाही. कराराची मुदत १० वर्षांची आहे, म्हणजे २०२८ मध्ये हा प्रश्न पुन्हा टेबलावर येईल.