रविवार नसलेली माणसं

अमेरिकेतल्या नॅसकारच्या स्टॉक कार शर्यतींत टाळ्या मिळतात चालकाला. माझी नजर मात्र पिटच्या, म्हणजे शर्यतीदरम्यान गाडी थांबते त्या जागेच्या, भिंतीवरून उडी घेणाऱ्या पाच जणांवर खिळते. चार चाकं बदलायची, इंधन भरायचं आणि गाडी सोडायची. कसलेला संघ हे 10-11 सेकंदांत उरकतो. त्या सेकंदांमागे विंचवाचं बिऱ्हाड आहे. बहुतेक संघांच्या कार्यशाळा नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटच्या आसपास. तिथून शर्यतीच्या गाड्या, सुटे भाग आणि अवजारं पोटात घेऊन अवाढव्य ट्रक निघतात. कॅलिफोर्नियातल्या सोनोमाची शर्यत असली की अख्खा देश ओलांडतात. फेब्रुवारीतल्या डेटोनाच्या शर्यतीपासून नोव्हेंबरपर्यंत मुख्य मालिकेत गुणांच्या 36 शर्यती होतात, म्हणजे जवळपास तितके शनिवार-रविवार घराबाहेर. त्यातच मुलांचे वाढदिवस येतात, घरची लग्नकार्यं येतात. मोठ्या लंबगोल ट्रॅकवर पाऊस आला की शर्यत थांबते आणि कधीकधी घर आणखी एक दिवस लांब जातं. करंडक उंचावतो एकटा चालक. शर्यत जिंकतात मात्र हे सगळे मिळून. पुढच्या वेळी शर्यत पाहाल तेव्हा गाडी पिटमधून सुटल्यावर क्षणभर मागे राहिलेल्या त्या पाच जणांकडे पाहा. एक टाळी त्यांच्यासाठीही वाजवा.