तीन तासांचे गुण आणि साडेपाच वर्षांचे शिक्षण

दरवर्षी जून महिना उजाडला की आपल्या समाजातील घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, "किती आले?" हा प्रश्न बारावीच्या टक्क्यांविषयी नसतो; 'नीट'च्या ७२० पैकी मिळालेल्या गुणांविषयी असतो. बारावीचा निकाल केव्हाच लागून गेलेला असतो आणि त्याचे पेढेही कोणी फारसे मनापासून वाटलेले नसतात. वैद्यकीय प्रवेशात या एका आकड्याला नेमके किती महत्त्व असावे, याचा थोडा शांतपणे ऊहापोह करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या पिढीला गुजरातेत प्रवेश मिळाला तो बारावीच्या गुणांवर. महाराष्ट्रातही १९९९ मध्ये सीईटी येईपर्यंत हीच रीत होती. ती निर्दोष होती असे मुळीच नाही. अर्ध्या गुणाने आयुष्याची दिशा बदलत असे आणि कोणत्या केंद्रावर कॉपी चालते याची चर्चाही होत असे. पुढे २००६ मध्ये गुजरातेत 'गुजकेट' आली. २०१३ मध्ये देशभराची 'नीट' प्रथम झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली आणि २०१६ मध्ये पुन्हा लागू केली. आज बारावीला खुल्या वर्गातील विद्यार्थ्याने भौतिक, रसायन व जीवशास्त्रात मिळून ५० टक्के मिळवले की पुरे. त्यानंतर गुणवत्ता यादी ठरते ती केवळ 'नीट'वर.

'नीट'चे श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. पूर्वी मुलांना गावोगावच्या परीक्षांना धावावे लागे, तो त्रास संपला. खाजगी महाविद्यालयांच्या स्वतंत्र परीक्षा आणि त्यांआडचे व्यवहार यांनाही बराच आळा बसला. परीक्षा मराठीतून व गुजरातीतूनही देता येते, ही आपल्यासारख्यांना विशेष समाधानाची बाब आहे. तेव्हा माझा आक्षेप परीक्षेला नाही. एकाच परीक्षेवर टाकलेल्या सगळ्या भाराला आहे.

बालरोगतज्ज्ञाला हा भेद समजणे सोपे जाते. व्हर्जिनिया अपगार या अमेरिकन डॉक्टरबाईंनी १९५३ मध्ये नवजात बालकासाठी दहा गुणांची मोजणी प्रसिद्ध केली. जन्मानंतर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बाळाचा रंग, नाडी, श्वास, स्नायूंचा ताण व प्रतिसाद पाहून ते गुण दिले जातात. बाळाची त्या क्षणी स्थिती कशी आहे, हे ते गुण उत्तम सांगतात. पण तेच गुण पाहून हे मूल पुढे हुशार होईल की मंद, असे भविष्य आपण सांगत नाही आणि सांगूही नये. 'नीट'च्या गुणांचेही तसेच आहे. १८० मिनिटांत १८० प्रश्न, बरोबर उत्तराला चार, चुकीला एक वजा. मुलाची पाठांतराची, गतीची व सरावाची तयारी त्यातून नक्की कळते. परंतु या परीक्षेत विद्यार्थ्याला एकही वाक्य लिहावे लागत नाही, सूक्ष्मदर्शकाला हात लावावा लागत नाही आणि समोरच्या माणसाचे बोलणे ऐकून घ्यावे लागत नाही. पुढे साडेपाच वर्षे आणि नंतर आयुष्यभर त्याला नेमके हेच करायचे असते!

शिवाय हे मोजमापही सर्वांना सारखे लागू पडत नाही. २०२५ मध्ये सुमारे २२ लाख मुले परीक्षेला बसली व १२ लाखांहून अधिक पात्र ठरली. देशात एम.बी.बी.एस.च्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास. त्या वर्षी सर्वोच्च गुण ६८६ होते, तर खुल्या वर्गाची पात्रतेची रेषा १४४, म्हणजे शेकडा २०! इतक्या गुणांत सरकारी जागा स्वप्नातही मिळत नाही, पण ऐपत असल्यास खाजगी महाविद्यालयातील महागड्या जागेसाठी अर्ज करता येतो. २०२४ मध्ये जीएमईआरएस महाविद्यालयांची वार्षिक फी सरकारी कोट्यासाठी पावणेचार लाख आणि व्यवस्थापन कोट्यासाठी बारा लाख रुपये ठरली. आपल्या शेजारची वलसाड व नवसारीची महाविद्यालये त्यांतलीच. म्हणजे उधना-लिंबायतमध्ये लूमवर राबणाऱ्या खानदेशी कुटुंबातील मुलाला एकेक गुण जीव की प्राण. सधन घरातील मुलाला तितका नाही. गुणवत्तेच्या नावाखाली आपण काही अंशी खिसाच मोजतो आहोत.

याची किंमत मुले मोजतात. सोळा-सतरा वर्षांची मुले डोकेदुखी, पोटदुखी, धडधड, निद्रानाश अशा तक्रारी घेऊन माझ्याकडे येतात आणि त्यांपैकी पुष्कळांच्या तपासण्या नॉर्मल येतात. चौकशी केली की कळते, मुलाचे नाव एका शाळेत आहे, पण शाळेत तो जात नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत क्लासमध्ये असतो. खेळ नाही, मित्र नाहीत, प्रयोगशाळा नाही. २०२३ मध्ये कोटा येथे वसतिगृहांतील पंख्यांना स्प्रिंग बसवण्याचा आदेश निघाला. रोगाचे मूळ तसेच ठेवून लक्षणावर उपचार करणे यालाच म्हणतात.

मग पुन्हा केवळ बारावीच्या गुणांकडे जावे काय? नाही. अमेरिकेतील एम.आय.टी.ने महामारीत स्थगित केलेली 'सॅट' परीक्षेची अट २०२२ मध्ये पुन्हा लागू केली. साधनहीन घरांतील हुशार मुले हेरायला अशी परीक्षा उपयोगी पडते, हे त्यांचे कारण विचार करण्याजोगे आहे. तिथे विद्यार्थी 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट'च्या परीक्षाही देतात, परंतु त्या गुणांबरोबर शाळेतील चार वर्षांची प्रगतीही पाहिली जाते. आपण बालकाचे वजन एकदा घेऊन कुपोषणाचा शिक्का मारत नाही. वाढीच्या तक्त्यावर अनेक नोंदी पाहून रेषा कुठे चालली आहे ते पाहतो. प्रवेशालाही हाच न्याय लावावा.

हे अशक्य नाही. गुजरातेत अभियांत्रिकीच्या गुणवत्ता यादीत गुजकेटसोबत बारावीच्या पर्सेंटाइललाही मोठा वाटा आहे. एकाच वर्गातील 'ए' ग्रुपच्या मुलाला बारावी महत्त्वाची आणि 'बी' ग्रुपच्या मुलाला ती केवळ उपचार, हे विसंगत आहे. २०१३ ते २०१६ या काळात 'जेईई मेन'च्या क्रमवारीतही बारावीला ४० टक्के वजन होते. निरनिराळ्या बोर्डांचे गुण एका पातळीवर आणण्याचा वाद झाला आणि २०१७ पासून ते काढले गेले. अडचण खरी, पण ती हिशेबाची आहे, तत्त्वाची नव्हे. 'जेईई मेन' २०१९ पासून वर्षातून दोनदा होते व चांगला निकाल धरला जातो. तशी संधी वैद्यकीयच्या मुलांनाही मिळाली, तर एका दिवसाच्या तापाने वर्ष वाया जाणार नाही.

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपल्या हाती काय आहे? आपण डॉक्टर मंडळींनी पालकांना स्पष्ट सांगावे की शाळा सोडवू नका, सात-आठ तासांची झोप कापू नका, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाआधी मुलाला स्वतःला काय हवे ते विचारा. ज्यांना शक्य आहे त्यांनी समाजातील गरजू मुलांना रविवारी दोन तास विनामूल्य शिकवावे. गुणगौरव समारंभात 'नीट'वीरांच्या पंक्तीत परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि शास्त्र शाखेचे पदवीधर होऊ पाहणारी मुलेही सन्मानाने बसावीत. ही माणसे नसतील तर आपले एकही रुग्णालय चालणार नाही, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

'नीट'च्या गुणांना मान जरूर द्यावा, पण दाराच्या किल्लीला द्यावा तेवढाच. किल्लीने दार उघडते. आत गेलेला माणूस कसा निघेल, ते घर, शाळा आणि पुढची साडेपाच वर्षे ठरवतात.