ओले लाकूड आणि व्यापाऱ्याची अमानत

ओंडक्यांचे घर म्हटले की आपल्याला परदेशातील बर्फाळ मुलूख आठवतो. पण ही विद्या आपल्या देशातही आहे. काश्मीरच्या गुरेज खोऱ्यातील दर्द-शीन मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या ओंडक्यांवर ओंडके रचून घरे बांधत आले आहेत. श्रीनगरची खानकाह-ए-मौला १३९५ साली उभी राहिली, दोनदा आगीत गेली आणि अठराव्या शतकात पुन्हा बांधली गेली. तिच्या भिंतींतही चौकोनी तासलेल्या लाकडी तुळया एकमेकींवर आडव्या रचलेल्या आहेत. कारागिराचे ज्ञान आणि व्यापाऱ्याचा सचोटीचा माल एकत्र आला तरच असे काम टिकते.

या घराचा सारा हिशेब लाकडातील पाण्यावर चालतो. ताजे कापलेले लाकूड वाळताना आटते. लांबीत जवळजवळ नाही, पण जाडीत पुष्कळ. म्हणून ओल्या ओंडक्यांची दहा फूट उंच भिंत वाळता वाळता पाच-सहा इंच खाली बसू शकते. उभा खांब मात्र आहे तेवढाच राहतो. जाणकार सुतार दारे-खिडक्यांच्या चौकटींवर तेवढी जागा मोकळी सोडतो, तीत लोकर भरतो आणि वरून फळी लावतो. खांबाखाली तो फिरवून खाली घेता येईल असा जॅक बसवतो. हे आधी योजले नाही तर चौकटी दबतात, दारे अडकतात, छत वाकडे होते. शिवाय जोते दगडाचे आणि जमिनीपासून दीड-दोन फूट उंच हवे, छपराची वळचण रुंद हवी. आपल्या पावसात आणि वाळवीच्या मुलखात तर हे जास्तच खरे.

आमचा धंदा कापडाचा. कपडा पहिल्या धुण्यात आटतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे लागते. लाकडाचेही तसेच आहे. फरक एवढाच की कपडा एका धुण्यात बोलतो, ओंडका बोलायला वर्षे लावतो. वरून कोरडा दिसणारा ओंडका आत ओला असतो. तोपर्यंत वखारवाल्याचे पैसे वसूल झालेले असतात आणि वाकड्या घराची बदनामी सुताराच्या माथी येते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा बोटांना आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना ते दिसले असते, असे आपण (स.) विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. ओले लाकूड विकणे गुन्हा नाही. ओल लपवणे हा गुन्हा आहे. आज ओल मोजण्याचे छोटे यंत्र बाजारात मिळते. ते गिऱ्हाइकासमोर लावण्यात कसली लाज?

आमचे मत असे की, ओंडक्यांचे घर बांधणाऱ्याने नकाशा पक्का करण्याआधी सुताराला घेऊन वखारीत जावे. लाकूड कोणते, केव्हा कापलेले, किती महिने वाळवलेले, भिंत बसल्यावर दुरुस्ती कोणी करायची, हे कागदावर यावे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, असा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहेच.

घाई करणारे गिऱ्हाईकही यात निर्दोष नाही. लाकूड वाळायला लागणारा काळ ज्याला फुकट हवा असतो, तोच व्यापाऱ्याला खोटे बोलायला भाग पाडतो. वखारीत माल वाळत पडला की भांडवल अडकते, हे आम्ही व्यापारी जाणतो. त्या अडकलेल्या महिन्यांचा दाम व्यापाऱ्याने उघडपणे मागावा आणि गिऱ्हाइकाने तो खुशीने द्यावा. अशा कमाईत बरकत आहे, आणि अशा घराचे दारही अडकत नाही.