गहू बाधणाऱ्या लेकरासाठी ज्वारी मागू या

करमाडच्या वस्त्यांत आरोग्याच्या कामासाठी फिरताना आया आम्हाला सांगतात, "ताई, बिस्किट खाल्लं की लेकराच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात." घरात आधी दृष्ट काढली जाते, मग पित्ताची गोळी दिली जाते. गव्हाकडे कुणाचे लक्ष जात नाही.

काही मुलांच्या शरीराला गव्हातील प्रथिने सोसत नाहीत. खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा दोन तासांच्या आत गांधी, उलटी, खोकला सुरू होतो. धाप लागली किंवा मूल मलूल पडले तर घरी थांबू नका, लगेच १०८ ला फोन करा. सिलिअ‍ॅक हा आजार वेगळा. त्यात जुलाब, रक्तक्षय होतो, वाढ खुंटते. त्याची रक्ततपासणी गहू चालू असतानाच करावी लागते, म्हणून डॉक्टरांना दाखवण्याआधी मनानेच गहू बंद करू नये.

"पीठ भाजून, आंबवून दिले तर चालेल का?" असे आया विचारतात. आमचे उत्तर स्पष्ट आहे : नाही. जपानमध्ये तांदळावर विकरांची प्रक्रिया करून त्यातील बाधणारी प्रथिने कमी केली गेली आणि १९९३ साली त्या तांदळाला सरकारी मान्यताही मिळाली. पण ते प्रयोगशाळेचे काम आहे. चुलीवर तसे होत नाही.

आपल्याकडे त्याहून सोपा उपाय आहे. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसते. आपल्या आजी-आजोबांनी भाकरीवर दिवस काढले. पुढे चपाती म्हणजे सुधारणा आणि भाकरी म्हणजे गरिबी, असे आपल्यालाच वाटू लागले. हा समज आता सोडला पाहिजे.

मात्र नुसती भाकरी देऊन भागत नाही. गव्हामागून त्याच गिरणीत ज्वारी दळली तर पिठात गहू येतोच. अशा लेकराचे दळण घरच्या जात्यावर किंवा वेगळ्या घरघंटीवर दळावे. रवा, मैदा, शेवया, सातूचे पीठ यांतही गहू असतो. बाजारच्या हिंगातसुद्धा बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. पाकिटावरचा मजकूर वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या.

हा भार एकट्या आईवर टाकणे आम्हाला मान्य नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ, गव्हाबरोबर भरड धान्यही लिहिलेले आहे. तरी रेशनच्या पिशवीत बहुतेक महिने गहू-तांदूळच येतो. मजुरीवर जगणाऱ्या आईने बाजारभावाने ज्वारी घ्यायची कुठून? अंगणवाडीत शिरा-उपमा शिजला की गहू न सोसणारे लेकरू एक तर उपाशी बसते, नाही तर आजारी पडते.

म्हणून येत्या ग्रामसभेत दोन मागण्या करू या : रेशनवर ज्वारी मिळावी, आणि डॉक्टरांची चिठ्ठी असलेल्या मुलाला अंगणवाडीत वेगळा आहार मिळावा. मोठेपणी अनेक मुलांना गहू सोसू लागतो, पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचे. तोवर लेकराचे ताट भरलेले राहिले पाहिजे. तो त्याचा हक्क आहे.