मंडूकप्लुति

पाणिनीय व्याकरणांत ‘मंडूकप्लुति’ म्हणून एक संज्ञा आहे. मागील सूत्रांतील पद मधलीं सूत्रें ओलांडून पुढील सूत्रांत येतें, तेव्हां तें बेडकाच्या उडीनें आलें, असें वैयाकरण म्हणतात. ह्या उपमेस सर्वस्वीं शोभेल असा एक मंडूक आपल्या सह्याद्रींत आहे. तो झाडावरून झाडावर जातो.

हा मलबारी उडता बेडूक. जर्डन नांवाच्या इंग्रज पंडितानें १८७० सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. अंग हिरवेंगार, लांबी सुमारें १० सेंटिमीटर, आणि बोटांमधील पडदे नारिंगी-तांबडे. उडी घेतांच हे पडदे पसरतात, पडण्याचा वेग मंदावतो व तो ९ ते १२ मीटर अंतर तिरकें कापून खालच्या फांदीस चिकटतो. पक्ष्याप्रमाणें वर चढणें मात्र त्यास साधत नाहीं.

त्याचा संसारही अधांतरींच. पावसाळ्यांत पाण्यावर झुकलेल्या फांदीवर मादी आपला स्राव पायांनीं घुसळून त्याचा फेंस करते व त्यांत अंडीं घालते. भोंवतालचीं पानें त्यास चिकटून घरटें बनतें. यथाकाल शेपटीचीं पिलें त्यांतून निसटून खालच्या पाण्यांत पडतात. फांदी छाटली किंवा तळें बुजविलें, तर वंश तेथेंच खुंटला.

केरळापासून गोमंतकापर्यंत व आपल्याकडे सिंधुदुर्गांतील आंबोलीस हा आढळतो. जागतिक याद्यांत त्याची गणना ‘चिंता नसलेल्या’ जातींत आहे. परंतु यादी सर्व जातीचा हिशेब सांगते. एखाद्या राईचा सांगत नाहीं.

मुरबाड तालुक्यांतील सिद्धगड घ्या. २ जानेवारी १९४३ रोजीं भाई कोतवाल व हिराजी पाटील ह्यांनीं जेथें देह ठेवला, तेंच हें रान. येथील अरण्य १९८५ सालीं घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्यांत मोडतें, आणि त्याचा मानकरी म्हणजे शेकरू. तोही शेंड्यांवर घरटें बांधणारा, फांदीवरून फांदीवर उड्या घेणारा. आणि याद्यांत तोही ‘चिंता नसलेला’च! बेडूक व खार ह्यांचें नातें कांहींच नाहीं. परंतु दोघांचा राजमार्ग एकच, तो म्हणजे एकमेकांस भिडलेल्या झाडांचें अखंड छत.

रान एका दिवसांत नाहींसें होत नाहीं. आधीं एक वाट पडते, मग ती रुंद होते, मग कडेला घरें उठतात. झाडें पुष्कळ उरलीं असें आपणांस दिसतें. पण बारा मीटर जाणाऱ्यास तीस मीटरांची मोकळीक म्हणजे समुद्रच. पाणिनीच्या मंडूकासही पुढें उतरावयास सूत्र लागतें.

ह्या पावसाळ्यांत वाचक मुलांबाळांसह आंबोलीस गेलेच, तर फेंसाचें घरटें दुरूनच दाखवावें. चित्र घेण्यासाठीं फांदी वांकवूं नये, बेडूक हातीं धरूं नये, आणि रात्रीं घाटांत गाडी हळू हांकावी. ज्यांच्या वाडींत जुनें तळें असेल, त्यांनीं त्यावर झुकलेल्या फांद्या निदान आश्विनापर्यंत राहूं द्याव्या. येवढ्यास ना पैसा लागतो, ना सरकारी हुकूम.